लग्नाआधी चष्मा घालवायचा आहे, शनिवारी लेसर करू का?

वाचकाचं पत्र

डॉक्टर मॅडम, मी 26 वर्षांची आहे. कासारवडवलीला राहते, ऐरोलीला आयटी कंपनीत नोकरी करते, स्कूटीने जाते-येते. आठवीपासून चष्मा आहे. उजव्या डोळ्याचा नंबर उणे 6 आणि सिलिंडर उणे 1.25, डाव्याचा उणे 5.5 आणि सिलिंडर उणे 0.75. कॉलेजपासून सिलिंडरच्या सॉफ्ट लेन्स वापरते. पण घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाची इतकी धूळ असते की डोळे सारखे खाजतात. संध्याकाळी घरी आले की आधी लेन्स काढते आणि दोन्ही डोळे चांगले चोळते, तेव्हा कुठे बरं वाटतं.

गेल्या आठवड्यात ऑफिस सुटल्यावर ठाण्यातल्या एका लेसर सेंटरला गेले. लेन्स तिथेच काढल्या, अर्ध्या तासात सगळी तपासणी झाली. कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक आवरणाची, जाडी उजवीकडे 496 आणि डावीकडे 503 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) आली. ‘तुम्ही फिट आहात’ म्हणाले. महिनाअखेरपर्यंत सवलत होती म्हणून 5,000 रुपये टोकन भरलं आणि पुढच्या शनिवारची तारीख घेतली. सोमवारी कामावर जाता येईल असं ते म्हणतात. दिवाळीनंतर आईला बघण्याचे कार्यक्रम सुरू करायचे आहेत, त्याआधी चष्मा गेलेला बरा असं तिचं म्हणणं. मावशी म्हणते लेसरने डोळा भाजतो आणि चाळिशीत पुन्हा चष्मा लागतोच. गेल्या वर्षी उजव्या डोळ्याचा नंबर 5.5 होता आणि सिलिंडर 0.75. म्हणजे वाढतोच आहे, मग लवकर करून टाकावं असं मलाही वाटतं. लेसरच्या प्रकारांपैकी लॅसिक करू की स्माइल?

सायली (नाव बदललं आहे), ठाणे

उत्तर

सायली,

शनिवारची तारीख आधी रद्द कर, मग पुढचं वाच. लॅसिक की स्माइल, त्यावर येतेच, पण आज तुझ्या डोळ्यांपुढचा प्रश्न तो नाही. एका वर्षात उजवा नंबर अर्ध्याने वाढला, सिलिंडरही अर्ध्याने वाढला, डोळे खाजतात आणि तू ते रोज चोळतेस, आणि तपासणीला तू दिवसभर घातलेल्या लेन्स तिथेच काढून बसलीस. या गोष्टी तू ओघात लिहून गेलीस, पण एकाच पत्रात त्या वाचल्यावर मला राहवेना, म्हणून बाकीची पत्रं मागे ठेवून तुझं उत्तर आधी लिहायला घेतलं.

‘नंबर वाढतोय म्हणून लवकर करून टाकावं’ असं माझ्याकडे येणारी अनेक मुलं म्हणतात आणि त्यांचे आईवडीलही म्हणतात. खरं याच्या अगदी उलट आहे. लेसर आज जो नंबर आहे तेवढा काढतो, वाढ थांबवत नाही. वाढत्या नंबरवर लेसर केला तर दोन-तीन वर्षांत वाढलेला नंबर पुन्हा चष्म्यात येतो, आणि तोवर कॉर्निया पातळ झालेला असल्यामुळे दुसऱ्यांदा करायला जागा उरेलच असं नाही. म्हणून निदान एक वर्ष नंबर अर्ध्याहून जास्त हललेला नसावा, असा साधारण दंडक आहे. तुझा गोल नंबर आणि सिलिंडर दोन्ही धरले तर तू ती मर्यादा ओलांडतेस. एवढ्या एका कारणावरूनही मी तुला या वर्षी ‘थांब’ म्हटलं असतं.

पण मला जास्त काळजी सिलिंडरची आहे. पंचविशीनंतर साधा नंबर थोडाफार वाढणं समजू शकते. दिवसातले नऊ-दहा तास स्क्रीनपुढे जातात, काहींचा नंबर अठ्ठाविशीपर्यंत सरकत राहतो. सिलिंडर मात्र कॉर्नियाच्या आकाराशी बांधलेला असतो. तो या वयात, एकाच डोळ्यात, वर्षभरात वाढला आणि त्या माणसाला डोळे चोळायची सवय असली, तर डॉक्टरच्या मनात पहिलं नाव केराटोकोनसचं यायला हवं. या आजारात कॉर्निया एका जागी कमकुवत आणि पातळ होत जातो आणि टायरला फुगा यावा तसा तिथून पुढे येतो. सुरुवात बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात होते, तिशी-पस्तिशीपर्यंत तो वाढत राहतो. युरोपातल्या लोकांपेक्षा आपल्या दक्षिण आशियाई लोकांत तो जास्त आढळतो. ॲलर्जीने खाजणारे डोळे आणि ते जोराने चोळणं यांच्याशी त्याचा संबंध पक्का आहे. सुरुवातीला चष्म्याने अगदी स्वच्छ दिसतं, त्यामुळे पेशंटला काही कळत नाही, आणि घाईत केलेल्या तपासणीत डॉक्टरच्याही नजरेतून तो निसटू शकतो.

अशा कॉर्नियावर लेसर केला तर आधीच कमकुवत असलेला थर आणखी पातळ होतो, आणि काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी कॉर्निया पुढे फुगू लागतो. मग चष्म्यानेही नीट दिसत नाही, कडक लेन्स लावाव्या लागतात. फार वाढलं तर नेत्रदानातून मिळालेला कॉर्निया बसवण्यापर्यंत वेळ येऊ शकते. हे क्वचित घडतं. पण ज्यांच्या बाबतीत घडतं त्यांच्यात असे बरेच असतात ज्यांच्यावर लेसर करायलाच नको होता. तू त्या यादीत जाऊ नयेस म्हणून एवढं लिहिते आहे.

तुला केराटोकोनस आहे असं मी म्हणत नाही, पत्रावरून तसं कुणालाही सांगता येणार नाही. कदाचित कारण अगदी साधं निघेल, आणि ते तुझ्या लेन्समध्येच असेल. कॉन्टॅक्ट लेन्स दिवसभर कॉर्नियावर टेकून असते, तिच्या दाबाने आकार तात्पुरता बदलतो आणि सिलिंडर वाढल्यासारखा दिसतो. म्हणूनच लेसरच्या तपासणीआधी साध्या सॉफ्ट लेन्स निदान दोन आठवडे, सिलिंडरच्या सॉफ्ट लेन्स आणि सेमीसॉफ्ट लेन्स तीन आठवडे बंद ठेवायच्या असतात. तू लेन्स काढून पाच मिनिटांत यंत्रासमोर बसलीस. त्या दिवशीचा नंबर खरा नाही आणि त्या दिवशी काढलेला कॉर्नियाच्या आकाराचा नकाशाही खरा नाही. त्यावर कुणी तुला फिट म्हटलं काय आणि अनफिट म्हटलं काय, दोन्ही मला मान्य नाही. ज्या ठिकाणी तपासणीआधी लेन्सबद्दल विचारलं नाही, त्या ठिकाणी मी माझ्या घरच्या मुलीला पाठवणार नाही.

आता जाडीचं गणित. ते तू स्वतः करून बघ, म्हणजे पुढे कुणी नुसतं ‘फिट’ म्हणालं तरी तुला प्रश्न विचारता येईल. सर्वसाधारण कॉर्निया मध्यभागी 520 ते 550 मायक्रॉन असतो. तुझा उजवा 496. लॅसिकमध्ये वरचा पापुद्रा कापून बाजूला उचलतात, तो साधारण 110 मायक्रॉनचा. त्याखाली लेसरने दर नंबरामागे 12 ते 15 मायक्रॉन भाग काढला जातो. तुझा नंबर सिलिंडरसह धरला तर शंभरएक मायक्रॉन जातील. म्हणजे पापुद्र्याखाली उरले साधारण 286. निदान 250 उरायलाच हवेत, ही खालची मर्यादा. अनेक सर्जन 300 उरतील असं बघतात. दुसरा एक ठोकताळा असा की पापुद्रा आणि काढलेला भाग मिळून एकूण जाडीच्या 40 टक्क्यांपर्यंत पोचू नये. तुझे 210 होतात, म्हणजे 42 टक्के. 250 च्या मर्यादेने कागदावर तू ‘बसतेस’ असं म्हणता येतं, पण अगदी काठावर, आणि या ठोकताळ्यात तर बसतच नाहीस. शिवाय हे गणित कॉर्निया निरोगी आहे असं धरून केलेलं आहे.

तेव्हा पुढच्या सोमवारपासून लेन्स बंद, चष्मा सुरू. तीन आठवडे पूर्ण झाल्यावर कॉर्नियाचा विशेष अभ्यास असलेल्या नेत्रतज्ज्ञाकडे जा, आणि तो शक्यतो लेसरचं पॅकेज विकणाऱ्या जागेबाहेरचा असू दे. ठाण्यात, नवी मुंबईत असे डॉक्टर आहेत, दादर-परळपर्यंत जायला लागलं तरी जा. तिथे कॉर्नियाच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही पृष्ठभागांचा नकाशा काढून घे, ज्याला आपल्याकडे सरसकट पेंटाकॅम म्हणतात. केराटोकोनसची पहिली खूण बऱ्याचदा मागच्या पृष्ठभागावर दिसते, म्हणून नुसती पुढची टोपोग्राफी पुरत नाही. जाडीही फक्त मध्यभागी न मोजता सगळ्यात पातळ जागा कोणती आणि ती किती मायक्रॉनची, हे नकाशावरून विचार. जुन्या चष्म्यांच्या चिठ्ठ्या घरात सापडतील तेवढ्या घेऊन जा. राम मारुती रोडवरच्या एखाद्या चष्मेवाल्याकडे पाच-सहा वर्षांपूर्वीची नोंद निघाली तर तीही आण. नंबरची वर्षावार चढण डॉक्टरला एका नजरेत खूप काही सांगते.

त्याच भेटीत बाहुली मोठी करणारे थेंब घालून मागचा पडदा तपासून घे. उणे 6 च्या आसपासचा डोळा मागून लांबट झालेला असतो, त्याचा पडदा ताणलेला असतो, आणि कडेला पातळ जागा किंवा बारीक छिद्रं असू शकतात. ती आधी सील करावी लागतात. अश्रूंची तपासणीही करून घे. आणि डॉक्टरने विचारलं नाही तरी तू आपणहून सांगायच्या गोष्टी: मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या चालू आहेत का, संधिवात किंवा ल्युपससारखा आजार आहे का, डोळ्याला कधी नागीण झाली होती का, घरात कुणाला केराटोकोनस किंवा काचबिंदू आहे का. त्या दिवशी स्कूटी नेऊ नकोस. थेंबांनी चार-सहा तास धूसर दिसतं.

नकाशात केराटोकोनसची शंका आली तर लेसरचा विषय तिथेच संपला. पण घाबरू नकोस. वाढतं केराटोकोनस थांबवायला कॉर्नियल क्रॉसलिंकिंग आहे. रायबोफ्लेविनचे थेंब घालून त्यावर अतिनील प्रकाश सोडतात आणि कॉर्निया बळकट करतात. ते वेळेवर झालं तर दृष्टी वाचते. उगाच लेसर सेंटरला गेले असं तुला वाटत असेल, पण त्या निमित्ताने हे लवकर सापडलं तर माझ्या मते तो मोठाच फायदा.

नकाशा स्वच्छ निघाला तरी मी तुला लगेच हो म्हणणार नाही. सहा महिन्यांनी, आणि मग पुन्हा वर्षाने, लेन्स बंद ठेवून नंबर आणि नकाशा काढ. दोन्ही जिथल्या तिथे राहिले तर मग तुझ्या मूळ प्रश्नाकडे वळू.

पापुद्रा असलेलं लॅसिक तुझ्या 496 वर मला आवडत नाही. स्माइलमध्ये पापुद्रा नसतो. लेसरने कॉर्नियाच्या आत एक पातळ चकती कापून दोन-चार मिलिमीटरच्या छेदातून ती बाहेर काढतात. सुरुवातीचा कोरडेपणा त्यात कमी राहतो, आणि कधी ट्रान्सहार्बर लोकलच्या गर्दीत कुणाचं कोपर डोळ्याला लागलं तर पापुद्रा सरकण्याची भीती नाही. पण ‘पातळ कॉर्नियाला स्माइल सुरक्षित’ असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नकोस. त्यातही भाग तेवढाच जातो आणि त्यानंतरही कॉर्निया फुगल्याची उदाहरणं आहेत. थोडा नंबर राहिला तर दुरुस्त करणंही त्यात अवघड. पीआरके हा जुना प्रकार. त्यात वरची त्वचा काढून पृष्ठभागावरच लेसर देतात, त्यामुळे खाली जास्त जाडी उरते. पहिले तीन-चार दिवस डोळे चांगलेच दुखतात, पाणी गळतं, स्वच्छ दिसायला काही आठवडे लागतात. सोमवारी ऑफिस विसरायचं. तुझ्याएवढ्या नंबरला मागे धुरकटपणा राहण्याचा धोका असतो, म्हणून त्यासाठी वेगळं औषध लावतात आणि उन्हात गॉगल सोडायचा नाही.

आणि एक पर्याय तुला सेंटरमध्ये कुणी सांगितलेला दिसत नाही. आयसीएल, म्हणजे डोळ्याच्या आत, बाहुलीच्या मागे आणि नैसर्गिक भिंगाच्या पुढे बसवायची लेन्स. तिच्यासाठी कॉर्निया खरवडावा लागत नाही आणि गरज पडली तर ती काढता येते. जास्त नंबर आणि पातळ कॉर्निया असला की मी याचा विचार करायला सांगते. त्यासाठी डोळ्याच्या पुढच्या भागात पुरेशी खोली असावी लागते. ही डोळा उघडून केलेली शस्त्रक्रिया आहे, त्यामुळे जंतुसंसर्ग, मोतीबिंदू, डोळ्याचा दाब वाढणं हे धोके लहान असले तरी खरे आहेत. खर्च लेसरपेक्षा जास्त आणि दरवर्षी तपासणी आलीच. केराटोकोनस निघालं नाही आणि आयसीएलची मापं जुळली, तर तुझ्या बाबतीत माझा कल तिकडे राहील.

मावशींना सांग की डोळा भाजत नाही. लॅसिक आणि पीआरकेत वापरतात तो एक्सायमर लेसर 193 नॅनोमीटरचा अतिनील किरण आहे. तो पेशींमधले रासायनिक बंध तोडतो, आजूबाजूला जवळपास उष्णता जात नाही. हे ज्यांनी शोधलं त्यांच्यात मूळचे मद्रासचे शास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन होते. 1981 मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत त्यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यांवर हा किरण सोडून पाहिला, तर आजूबाजूला जळाल्याची खूण न पडता स्वच्छ छेद गेला. करताना एक वेगळाच वास येतो, त्यावरून लोकांना भाजल्यासारखं वाटतं. थेंबांनी डोळा बधिर करतात आणि प्रत्यक्ष लेसर सेकंदांत संपतो.

चाळिशीचं मात्र मावशींचं बरोबर आहे. चाळिशी-पंचेचाळिशीत जवळचं वाचायला चष्मा लागतो, तो लेसरने टळत नाही. उणे नंबरवाल्यांना त्या वयात नुसता चष्मा काढून जवळचं वाचता येतं. लेसर केल्यावर ती सोय जाते. पण तुला अजून चौदा-पंधरा वर्षं आहेत, तेवढ्यासाठी मी कुणाला अडवत नाही.

तुझं काम आणि तुझा प्रवास यांचा विचार मात्र करायला हवा. लेसरमध्ये कॉर्नियातल्या बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे डोळे कोरडे पडतात. बहुतेकांचं सहा महिने ते वर्षभरात सुधारतं, थोड्यांचं राहतं. तू दिवसभर एसीत स्क्रीनपुढे बसतेस, तेव्हा पापण्यांची उघडझापही कमी होते. आणि रात्री मुलुंड-ऐरोली पुलावरून येताना समोरच्या गाड्यांच्या दिव्यांभोवती वलयं, फाटे दिसू शकतात, विशेषतः नंबर जास्त असेल तर. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लॅसिक झालेल्यांना त्यांच्याच तोंडून विचारलं होतं. ज्यांना आधी असा कुठलाही त्रास नव्हता, त्यांच्यापैकी 46 टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी वलयं, चकाकी यांसारखं काही ना काही नव्याने दिसत होतं, आणि 28 टक्क्यांपर्यंत लोकांना नव्याने कोरडेपणा आला होता. त्याच लोकांपैकी 95 टक्क्यांहून अधिक जण दृष्टीबद्दल समाधानी होते, आणि रोजच्या कामात फार अडचण येते असं म्हणणारे 1 टक्क्याहून कमी होते. हे दोन्ही आकडे तू एकत्र वाचावेस असं मला वाटतं. सेंटरच्या पत्रकात दुसरा असतो, घाबरवणाऱ्या व्हिडिओत पहिला. लेसर ही चांगली शस्त्रक्रिया आहे, मी योग्य डोळ्यांना ती खुशाल करा म्हणते. योग्य डोळा कोणता, ते आधी कळायला हवं एवढंच.

सायली, यापुढचं तुझ्या आईसाठी आहे, त्यांना वाचायला दे.

ताई, मुलीचा चष्मा गेला तर स्थळं सोपी जातील असं वाटणं मी समजू शकते. आपल्याकडे अजून तसं बघितलं जातं आणि त्याचा भार मुलीच्या आईवरच येतो. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. चष्मा उतरला तरी डोळा मुळात उणे नंबरचाच राहतो. पडद्याची काळजी जन्मभर घ्यावी लागते, आणि नातवंडांना नंबर यायचा असेल तर लेसरमुळे तो टळत नाही. म्हणून लेसर झालेला असो वा नसो, समोरच्या घरी स्पष्ट सांगावं असं माझं मत आहे. लग्नानंतर कळलं तर ‘आम्हाला सांगितलं नाही’ हे ऐकून घ्यायची पाळी तुमच्या मुलीवर येईल. दुसरं, दिवाळी दरवर्षी येते. लग्नानंतर दिवस राहिले आणि नंबर हलला तरी चष्मा बदलून भागतं. चुकीच्या कॉर्नियावर झालेला लेसर मात्र परत फिरवता येत नाही. मुलीला चष्म्यावर बघायला येऊ दे. आणि कृपा करून त्या दिवसापुरत्याही लेन्स घालायला लावू नका, निदान तपासणी पूर्ण होईपर्यंत.

सायली, खाज थांबवणं हे आजचं काम आहे. डोळे चोळू नकोस, अगदी झोपेतही हात जात असेल तर रात्री चष्म्यासारखं प्लास्टिकचं संरक्षण लाव. थंड पाण्यात भिजवलेला स्वच्छ रुमाल पापण्यांवर ठेव. स्कूटीवर पूर्ण काचेचं हेल्मेट वापर आणि काच खाली ठेव. ॲलर्जीचे थेंब डॉक्टरकडून लिहून घे. मेडिकलवाल्याला विचारून आणू नकोस, कारण अशा काही थेंबांमध्ये स्टिरॉइड असतं, आणि ते महिनोनमहिने घातलं तर डोळ्याचा दाब वाढतो.

पैशांबद्दल थोडक्यात. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींनुसार 7.5 हून कमी नंबरासाठीची शस्त्रक्रिया विम्यात धरली जात नाही, म्हणजे हा खर्च तुझ्या खिशातूनच जाणार. त्यामुळे सवलतीला भुलणं सोपं होतं. पुढे कधी करायचं ठरलं तर दर विचारताना त्यात तपासण्या, थेंब, वर्षभराच्या भेटी आणि नंबर उरला तर दुरुस्ती धरली आहे का, हे लिहून माग. शस्त्रक्रियेआधी सर्जनला स्वतः भेटायचं आहे असं सांग. नुसत्या काउन्सेलरशी बोलून हो म्हणू नकोस. आणि पोलीस, सैन्य, रेल्वे यांपैकी कुठल्या भरतीचा विचार मनात असेल तर त्या जाहिरातीतले डोळ्यांचे निकष आधी वाच. काही पदांना लेसर झालेले डोळे चालत नाहीत.

टोकनचं असं कर. सेंटरला ईमेल लिही की शनिवारची शस्त्रक्रिया रद्द करत आहे, टोकन परत द्यावं, आणि तपासणीचे सगळे रिपोर्ट, रंगीत नकाशांसह, पाठवावेत. रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत कागदपत्रं द्यावीत असं भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमावलीत आहे, तो उल्लेख ईमेलमध्ये कर. पैसे देतील किंवा नाकारतील, त्यासाठी भांडत बसू नकोस. रिपोर्ट मात्र सोडू नकोस. त्या दिवशीचा नकाशा आणि तीन आठवड्यांनंतरचा नकाशा शेजारी ठेवला की लेन्समुळे किती फरक पडला होता ते नव्या डॉक्टरला कळेल. ते कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कायमचे जपून ठेव, फोटो काढून आईच्या फोनवरही ठेव. पुढे कधी लेसर केलास, तर साठीत मोतीबिंदूच्या वेळी आत कुठल्या नंबरचं भिंग बसवायचं हे ठरवताना लेसरआधीची मापं डॉक्टरला लागतील. आणि लेसरनंतर पातळ झालेल्या कॉर्नियावर डोळ्याचा दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो, त्यामुळे काचबिंदू तपासताना लेसर झालेला आहे हे प्रत्येक डॉक्टरला तुला आपणहून सांगावं लागेल. नवे रिपोर्ट आले की मला पाठव, मी ते बघून कळवीन.